बांध झाला की पुढचं सांगते

"दादासमोर माझ्या पायाचा विषय काढायचा नाही," ताईंनी मला लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्या वेळी त्या दारात बसून फावड्याचा दांडा घट्ट करत होत्या आणि तोंडात खिळा होता, म्हणून मला ते फारसं गंभीर वाटलं नाही. घरोघरी असे न काढायचे विषय असतात. माझ्या माहेरी काकांच्या टकलाचा विषय काढत नाहीत.

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. डावा पाय घोट्यातून आत वळलेला, चालताना टाच टेकत नाही. तरी आमच्या मिठागरात त्यांच्याइतकं मीठ ओढणारं दुसरं कुणी नाही. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हापासून धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यांनीच वाढवलं. स्वतःचं लग्न राहून गेलं. कुणी विचारलं तर म्हणतात, "मुहूर्ताला भरती होती."

दादा सगळ्यांत मोठे. ते तरुणपणीच शहरात गेले आणि रस्त्यांची कामं घेऊ लागले. आता त्यांचे स्वतःचे डंपर आहेत, पोकलेन आहे, बुटांना माती न लावता बोलणारी माणसं आहेत. यंदा ते निवडणुकीला उभे राहिले आणि आमच्याकडे जेवायला आले. सोबत प्रचार बघणारा एकजण होता. त्याचा आवाज असा की आमची लेक छकुली दचकून रडायला लागली. आम्ही त्याचं नाव भोंगा ठेवलं.

वाढताना सगळे गप्प होते. पाहुणे गप्प बसले की माझा जीव घाबरा होतो, काहीतरी बोलायलाच हवं असं वाटतं. मी विचारून बसले, "दादा, तुम्ही तेव्हा इथेच होतात ना? ताईंच्या पायाला नक्की झालं काय होतं?"

नवऱ्याचा हात ताटातच थांबला. ताई पाणी आणायला उठल्या.

दादांनी आधी भिंतीकडे बघितलं. आमच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीला एक जुनी मळकट रेघ आहे. बांध फुटला तेव्हा पाणी तिथवर चढलं होतं, रंग दिला तरी ती वर येते. रेघ बघून दादा बोलायला लागले. "मोठं उधाण होतं. भर दुपारी बांध फुटला. मी मागचापुढचा विचार केला नाही, उडी घेतली. ही माझ्यामागे धावली आणि घसरली. दगडाखाली पाय गेला. मी ओढून काढलं नसतं तर…" ते थांबले. खरंच त्यांचे डोळे भरले होते. "त्या दिवशीच ठरवलं, या माणसांसाठी काहीतरी करायचं."

भोंगा जेवायचा थांबला होता. "साहेब, हे इतके दिवस कुठे दडवून ठेवलं होतंत? आणि आपण दिवे लावू, नळ आणू करत बसलोय!"

ताईंनी त्याच्यासमोर पाणी ठेवलं. "घ्या. ठसका लागेल."

ते गेल्यावर नवरा भांडी घासायला माझ्याशेजारी येऊन बसला. एरवी तो बसत नाही. म्हणाला, "मी आठ वर्षांचा होतो, पण आंधळा नव्हतो. उडी ताईने मारली. दादा बांधावर उभा राहून ओरडत होता."

"मग तुम्ही बोलला का नाहीत आत्ता?"

"ती बोलली का?"

*

मिठागर समजायला सोपं आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला आमचे वाफे आणि वाफ्यांना लागून आमच्या घरांची ओळ. भरतीचं पाणी या सगळ्यापेक्षा उंच असतं. मध्ये फक्त बांध. बांधात एक फळी आहे, ती उचलली की खारं पाणी हवं तेवढं आत घ्यायचं आणि भरती चढायच्या आत खाली टाकायची. मग ऊन आपलं काम करतं आणि आपण मीठ ओढतो.

यंदा खेकड्यांनी बांध आतून पोखरला होता. एक मोठा भाग बसलेल्या म्हशीसारखा खचला होता आणि भरतीला त्याच्या पोटातून पाणी झिरपायचं. ताईंनी मिठागराच्या मालकाला सांगितलं, तो म्हणाला सरकारला सांगा. सरकारी कचेरीत सांगितलं, ते म्हणाले मंजुरी यायची आहे. दादांना सांगितलं, ते म्हणाले, "निवडून आलो की पहिलं काम तेच."

वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण मतदानानंतरच्या अमावास्येला होतं.

"उधाणाला आचारसंहिता नसते," ताई मला म्हणाल्या. आम्ही दोघी वाफ्यात होतो. छकुलीला मी बांधावर छत्रीखाली बसवलं होतं आणि दर दोन ओढींनी मान वळवून बघत होते. "तो निवडून येणार, मग हार, मग सत्कार, मग पेढेवाटप. तोवर पाणी तुझ्या चुलीत."

मला चुलीचं काही नव्हतं. छकुली तेव्हा नुकती धरून उभी राहायला लागली होती. ती भिंतीला दोन्ही तळहात लावून उभी राहायची आणि मी बघायचे, तिचं डोकं त्या रेघेच्या किती खाली येतं.

तेवढ्यात रस्त्यावरून प्रचाराची गाडी आली. वाऱ्यावर तुटक ऐकू येत होतं. "…ज्याने बहिणीसाठी मृत्यूच्या जबड्यात उडी घेतली… मिठागराचा सुपुत्र…" गाडीमागे पोरं धावत होती. त्यातल्या दोघांनी डावा पाय आत वळवला आणि लंगडत नाचायला लागली. बाकीची खिदळली. ताईंनी बघितलं. फावडं थांबलं नाही.

दुकानात गेलं तरी तेच. दुकानदारीण ताईंना म्हणाली, "भाऊ असावा तर असा. तुमचा पाय आमच्या भिंतीवर लागलाय बघा." खरंच, चित्र होतं. मोठे दादा, हात पसरलेले, आणि खाली कोपऱ्यात एक बाईचा वाकडा पाय. ताईंचा नव्हताच तो. कुणाचा तरी काढून लावला होता.

"उजवा वाकडा दाखवलाय," ताई म्हणाल्या. "माझ्यापेक्षा हिचं बरं दिसतं."

दुसऱ्या दिवशी भोंगा कॅमेरेवाल्याला घेऊन थेट वाफ्यात उतरला. नवे बूट खाऱ्या चिखलात गेले तसं त्याचं तोंड वाकडं झालं. "ताई, तो पाय जरा पुढे घ्या. हां. अजून थोडा. चेहऱ्यावर जरा दुखल्यासारखं आणता येईल का?"

"तुम्ही उभे आहात तिथून दोन पावलं मागे या," ताई म्हणाल्या.

"का?"

"या तर."

तो मागे आला आणि गुडघ्यापर्यंत गाळात गेला. ताईंनी फावड्याचा दांडा पुढे केला, त्याला धरून तो वर आला. एक बूट आतच राहिला. "हे असं दुखतं," ताई म्हणाल्या. "काढा फोटो."

कॅमेरेवाला हसू दाबत होता. मी छकुलीच्या टोपीत तोंड लपवलं.

पण ताई हसत नव्हत्या. तो गेल्यावर त्या फावड्यावर रेलून बांधाकडे वळल्या. मग एकदम म्हणाल्या, "त्या दिवशी फळी उघडी राहिली होती. म्हणून फुटला."

"कुणाची पाळी होती?"

"त्याची. भरती चढायच्या आत टाकायची होती. तो शहरात सिनेमाला गेला. परत आला तेव्हा मी पाण्यात उभी राहून पोती लावत होते. वरची दगडांची रास घसरली आणि पायावर आली."

"आणि इतकी वर्षं तुम्ही बोलला नाहीत?"

"बोलून पाय सरळ झाला असता? बाबांनी त्याला जिवंत ठेवला नसता. आणि तो इथेच राहिला असता तर मीठ ओढत बसला असता. मग आज हे पोकलेन कुठून आलं असतं?" त्या माझ्याकडे वळल्या. डोळे उन्हाने बारीक झाले होते, पण त्यांत काहीतरी ठरलं होतं. "त्याला माझी गोष्ट हवीय ना? देऊ. पण फुकट नाही."

*

मोठी सभा जवळ आली तसे दादा स्वतः आले. खुर्ची दिली तरी उभेच राहिले. "तू स्टेजवर ये. एवढंच. माझ्याशेजारी उभी राहा, दोन वाक्यं बोल."

"दोन का? सगळं बोलेन. आवाज काही फाटका नाही माझा."

दादा खूश झाले. "बघ, रक्ताचं ते रक्ताचं."

"पण आधी बांध."

"अगं, तो मतदानानंतर…"

"मग मीही मतदानानंतर बोलेन."

"तू माझ्याशी सौदा करतेस? सख्ख्या भावाशी?"

"परक्याकडे पोकलेन नाही," ताई म्हणाल्या.

दादांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. तो सायकलची साखळी चढवत होता, मान वर केली नाही. मग दादांची नजर माझ्यावर आली. मी शिकलेली, मला समजवता येईल, असं त्यांना वाटलं असावं. "तू तरी सांग हिला."

मी छकुलीला उचलून भिंतीपाशी उभी केली. "दादा, रेघ बघा आणि हिचं डोकं बघा."

सकाळी डंपर आले. रस्ता हादरला, भांडी खणखणली, छकुली टाळ्या वाजवत सुटली. ताई बांधावर उभ्या राहून पोकलेनवाल्यावर ओरडत होत्या. "खडी नको तिथे! मोठा दगड खाली, मग गाळ, मग ठोक. केक करतोस का?" पोकलेनवाला पहिल्यांदा चिडला, संध्याकाळपर्यंत "मावशी, इथे टाकू का?" असं विचारायला लागला. आम्ही बायकांनी पाट्यांनी गाळ वाहिला. माझ्या हाताला असे फोड आले की छकुलीला धरताना ती कुरकुरायची, खरखरीत लागत असेल.

खचलेला भाग अर्धा भरून झाला आणि पोकलेन गेलं.

"साहेबांनी बाजारच्या रस्त्यावर बोलावलंय," पोकलेनवाला मान खाली घालून म्हणाला. "तिकडे मतं जास्त आहेत म्हणे."

अर्धा बांध हा न बांधलेल्या बांधापेक्षा वाईट. पाणी भक्कम बाजूला अडतं आणि सगळा जोर कच्च्या बाजूला टाकतं. त्या दिवसाच्या साध्या भरतीलाच तिथून गढूळ धार आली. मी नवऱ्याला म्हटलं, "मी छकुलीला घेऊन माहेरी जाते." तो म्हणाला, "जा." आणि मग, "ताई येणार नाही." मी गेले नाही.

ताईंनी भोंग्याला फोन लावला. "अर्धंच काम झालंय." पलीकडून तो एवढ्या मोठ्याने बोलत होता की मला ऐकू येत होतं: होईल हो, निवडणूक होऊ द्या, सभेला मात्र वेळेवर या.

"येते की," ताई म्हणाल्या. फोन ठेवला. "मी दिलेला शब्द पाळते. त्याने जेवढा पाळला, तेवढा."

*

सभेला बाजाराचा चौक भरला होता. मी छकुलीला कडेवर घेऊन स्टेजच्या पायऱ्यांशी उभी होते. दादा बोलले. उधाण, बांध, उडी, सगळं आलं. आवाज योग्य जागी थरथरला. माझ्यामागची एक बाई डोळे पुसत होती. मग दादा म्हणाले, "आणि ती माझी बहीण आज इथे आहे," आणि टाळ्या पडल्या.

ताई पायऱ्या चढल्या. एकेक पायरी, टाच न टेकता. भोंग्याने आधाराला हात पुढे केला, त्यांनी त्याच्या हातातला माइक घेतला.

"मला भाषण येत नाही," त्या म्हणाल्या. "झालं ते सांगते. दुपार होती. बाबा बाहेरगावी गेलेले. मी केस वाळवत बसले होते. आमचा धाकटा ओरडत आला, ताई, पाणी आलं. मी म्हटलं, येऊ दे, भरती आहे. तो म्हणाला, घरात आलं."

कुणीतरी हसलं.

"मी धावत बांधावर गेले. मधोमध एवढं भगदाड. पाणी असं येत होतं, जसं काही त्याला कुणी बोलावलंय. शेजारच्यांनी पोती आणली. कुणीतरी पाण्यात उतरून ती लावायला हवी होती. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत होतो. आणि तेवढ्यात…"

त्या थांबल्या. माइक तोंडापासून बाजूला घेऊन खोकल्या. मग म्हणाल्या, "तर आमचा बांध यंदाही खचलाय. दादाने अर्धा बांधून दिला. अर्धा राहिलाय. म्हणून मीही अर्धंच सांगितलं. उरलेला बांध झाला की पुढचं सांगते."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग मागून कुणीतरी ओरडलं, "अहो मावशी, उडी कुणी मारली ते तरी सांगा!"

"सांगते ना. दगड पडू देत."

असा हशा उठला की छकुली घाबरून माझ्या मानेला चिकटली. भोंग्याने माइक घ्यायला हात पुढे केला, पण दादा त्याच्याआधी पोहोचले. चेहरा हसरा, कानशिलं लाल. "उद्या! उद्या सकाळी मशीन तिथे असेल!" सगळ्या चौकासमोर बोलले. आता त्यांना मागे फिरणं नव्हतं.

मशीन आलं. या वेळी बाजारातली रिकामी माणसंही बघायला आली आणि उभं राहून कंटाळल्यावर पाट्या उचलायला लागली. पोकलेनवाला शेवटचा दगड बसवून खाली उतरला आणि म्हणाला, "मावशी, आता सांगा ना मला तरी."

"तुला फुकटात? सभेला ये."

*

शेवटच्या सभेच्या सकाळी दादा एकटेच आले. गाडी रस्त्यावर सोडून बांधावरून चालत आले. ताई नव्या दगडांच्या फटींत गाळ ठासत होत्या. मी जरा लांब होते, वारा माझ्याकडे होता.

"काय सांगणार आहेस?"

"झालं ते."

"फळीचंही?"

गाळाचा गोळा फटीत बसवून त्यावर ताईंनी तळहात दाबून धरला.

"मी हरेन," दादा म्हणाले. आवाज सभेतला नव्हता. घरातल्या मोठ्या मुलाचा होता, चूक करून आलेल्या. "मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो गं."

"मी एकोणीसची होते," ताई म्हणाल्या. "हर नाहीतर जिंक. या ओळीतल्या कुठल्याच घरात पाणी येणार नाही, माझं काम झालं. आता तो दगड इकडे सरकव, उभाच आहेस तर."

दादांनी बाह्या वर केल्या आणि दगड सरकवला. सवय गेलेली, दोनदा हातातून निसटला.

संध्याकाळी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं उरलेली गोष्ट ऐकायला आली होती. ताईंनी माइक घेतला आणि सरळ सांगितलं. "उडी मी मारली. माझा पाय तेव्हा गेला. बांध फुटला कारण फळी उघडी राहिली होती." चौकात कुजबुज उठली. दादा खुर्चीत ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. "फळी टाकायची पाळी ज्याची होती, तो तेव्हा पोरगा होता. त्याने यंदा बांध बांधून दिला. आधी अर्धा, मग पूर्ण. मत कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. मला एवढंच सांगायचं होतं की तो पाय माझा आहे. तो भिंतीवरून काढा."

टाळ्या लगेच पडल्या नाहीत. मग पोकलेनवाल्याने सुरुवात केली.

दादा थोडक्या मतांनी निवडून आले. काही म्हणतात बांधामुळे, काही म्हणतात समोरचा उमेदवार त्याहून वाईट होता. आता त्यांच्या भाषणात उडी नसते, बांध असतो. पण विजयाच्या मिरवणुकीनंतर त्यांनी आमच्याकडे पाऊल टाकलेलं नाही. भोंग्याने मात्र निरोप पाठवला: एवढी काळजी आहे तर राखणही बाईंनीच करावी. बांधाच्या टोकाला झोपडी आहे, ताई उधाणाआधी तिथेच राहायला गेल्या. नवा गाळ पहिल्या उधाणात बसतो, कुठे फट पडली तर तेव्हाच ठासावी लागते, हे त्यांना कुणाच्या टोमण्याने सांगायची गरज नव्हती.

अमावास्येला पाणी बांधाच्या माथ्याशी आलं आणि तिथेच राहिलं. आमच्या घरातली जमीन कोरडी होती. छकुली त्या दिवशी पहिल्यांदा काही न धरता उभी राहिली.

पण फट भरताना एका दगडाची धार ताईंच्या उजव्या, चांगल्या पायात गेली. खाऱ्या पाण्यात जखम भरत नाही. मी बघितली तेव्हा कडा पांढऱ्या झाल्या होत्या आणि घोटा सुजला होता. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणाल्या, उधाण ओसरलं की. मग छकुलीला ताप आला आणि डॉक्टरांनी तिला इथे शहरात ठेवून घेतलं. नवरा माझ्यासोबत आहे. ताईंचा फोन लागत नाही.

तुमच्यापैकी कुणी खाडीच्या रस्त्याने जाणार असेल तर एवढं करा. बांधाच्या टोकापर्यंत जा. वाऱ्यात हाक पोहोचत नाही आणि त्या लांबूनच हात हलवून सगळं ठीक आहे म्हणतील. तेवढ्यावर परत फिरू नका. जवळ जा, त्यांना कोरड्या बाजूला बसवा आणि दोन्ही पाय बघा. जखमेतून निघालेली लाल रेघ घोट्याच्या वर चढलेली दिसली, म्हणजे विष अंगात चढतंय, तर त्यांचं काही ऐकू नका, उचला आणि घेऊन या. बांध कोण बघणार म्हणून त्या भांडतील. मी बघेन म्हणा, आणि तुमच्यातला एकजण खरंच तिथे थांबा.